दोन घरांची बंदूक

माझ्या वडिलांच्या नावावर एक बंदूक होती आणि ती मी एकदा माझ्या चुलतभावावर रोखली. हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला अडीच वर्षं लागली. ज्या दिवशी ते म्हणालो त्या दिवसापासून माझं बरं चाललं आहे, म्हणून आता ते लिहूनही ठेवतो.

आमचं गाव निडी स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवर. पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर वाल. वालाला शेंगा धरल्या की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि एका फेरीत अर्धं शेत नांगरून टाकतात. त्यांच्यासाठी बाबांना शेतीसंरक्षणाचा परवाना मिळाला होता. बंदूक ठासणीची, एका नळीची. तोंडाकडून दारू भरायची, छर्रे टाकायचे, लोखंडी गजाने ठासायचं आणि मग मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. एक बार काढायला एवढा खटाटोप, तोवर डुक्कर निम्मा डोंगर चढलेलं असायचं.

या बंदुकीची एक रीत होती. बाबा आणि काका तरुणपणी बांधावरून हातघाईवर आले होते. तेव्हा आजोबांनी वाटणी करताना ठरवून टाकलं की बंदूक राहील आमच्या घरात, आणि दारूचा डबा, केपा नि गज राहतील काकांच्या घरात. ज्याला बार काढायचा असेल त्याने दुसऱ्याच्या दारात जायचं. पुढे चाळीस वर्षं दोघांनी हे पाळलं. काका गेल्यावर डबा त्यांच्या मुलाकडे, म्हणजे दादाकडे आला. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमच्या दोघांच्या पडव्यांच्या मधे फक्त एक शेवग्याचं झाड आहे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबा ती गोणपाटात गुंडाळून घेऊन जायचे. ठाण्याच्या आवारात आजूबाजूच्या गावांतले म्हातारे आपापली बंदूक मांडीवर घेऊन ओळीने बसलेले असत, बाजाराला बकरी आणल्यासारखे. पावती मिळाली की चहा पिऊन घरी. म्हणजे माणसं एकमेकांवर सगळ्यात जास्त चिडलेली असतात त्या दिवसांत गावात एकही बंदूक नसायची. यात काही शहाणपण आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

मग राजकारण फुटलं. कालपर्यंत एका बॅनरवर असलेले चेहरे दोन बॅनरवर आले, आणि वरचं भांडण बघता बघता आमच्या गावात उतरलं. गणपतीचं मंडळ फुटलं, क्रिकेटची टीम फुटली. दादा एका बाजूला गेला, मी दुसऱ्या. मी काही मोठा कार्यकर्ता नव्हतो. धाटावला कंपनीत शिफ्ट करणारा माणूस, सुट्टीच्या दिवशी बूथवर बसायचो एवढंच. पण शेजारच्या गावात एकाची मोटारसायकल जाळली आणि कंपनीच्या बसमध्ये दुसरा विषय राहिला नाही. जो तो मोबाईलवर कुठल्या ना कुठल्या मारामारीचा व्हिडिओ दाखवायचा.

“तुझ्याकडं बंदूक हाय ना रे?” शेजारच्या सीटवरचा विचारायचा. “मग तुला काय भ्या हाय? आम्ही काय करायचं, कंपनीचं हेल्मेट घालून झोपायचं?”

बस हसायची. मीही हसायचो. पण बसमधून उतरून घरापर्यंत चालताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायची, की बंदूक आपल्याकडे आहे, पण दारू त्याच्याकडे आहे.

तोवर बाबांना अर्धांगवायू झाला होता. परवाना त्यांच्या नावावर आणि ते खाटेवर. कायद्याने मला त्या बंदुकीला हात लावायचाही अधिकार नव्हता. तरी मी एका सुट्टीला गाडीने पेणला गेलो. तिथे खाडीकाठच्या गावात माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्याकडे जेवलो आणि येताना एका माणसाकडून आडमार्गाने दारू नि केपा घेतल्या. बहिणीने सुके सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, दिले होते, त्या पिशवीच्या तळाशी ती पुडी दडवून मी घरी आणली. बायकोने सोडे काढून घेतले आणि पुडी मी माळ्यावर टाकली. तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती शिफ्टच्या डब्यात सोड्यांची भाजी देत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

त्याच आठवड्यात मी बंदूक भरली. गज नव्हता म्हणून बांधकामाची एक सळई वापरली. बाबा खाटेवरून सगळं बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. डावा हात तेवढा हलायचा, तो ते सारखे शेवग्याच्या झाडाकडे करत होते. मला अर्थ कळत होता. मी त्यांना पाणी हवंय असं समजल्याचं सोंग केलं आणि तांब्या तोंडाला लावला.

पुढे ग्रामपंचायतीत अविश्वास ठराव आला. ही निवडणूक नव्हती, म्हणून आचारसंहिता नव्हती आणि बंदूक घरातच राहिली. ठराव पास झाला. आमची बाजू पडली, दादाची जिंकली. दुपारी चारच्या सुमारास मिरवणूक निघाली. टेम्पोवर डीजे, गुलाल, फटाके. आमच्या घरासमोर आल्यावर गाणं थांबलं आणि घोषणा सुरू झाल्या. कुणीतरी दगड मारला. कौल फुटून एक तुकडा बाबांच्या खाटेशेजारी पडला आणि बाबा लहान मुलासारखे रडायला लागले.

मी माळ्यावरून बंदूक काढली, केप बसवली आणि पडवीत येऊन उभा राहिलो. समोर, अंगणाच्या कडेला, एक माणूस माझ्याकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभा होता. शर्ट गुलालाने माखलेला. तो गर्दीला म्हणत होता, “हितं नाय. हितं आजारी माणूस हाय. चला, पुढं चला.”

ती पाठ मी ओळखली. शाळेत जाताना सात वर्षं मी त्याच पाठीमागे चाललो होतो. ओळखली आणि तरी नळी खाली केली नाही. मी लपवत आलो ते हेच. माझा तोल गेला, डोळ्यांसमोर अंधारी आली, असलं काही झालं नव्हतं. सगळं लख्ख दिसत होतं.

दादा वळला. त्याने बंदुकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “ठेव ती आत,” एवढंच म्हणाला आणि गर्दीला घेऊन पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परसात नळीत पाणी ओतलं आणि आतला काळा चिखल कपडे धुवायच्या दगडावर काढला. तो डाग आजही पूर्ण गेलेला नाही. गावात बोलणं सुरू झालं की दादानेच मिरवणूक चुलत्याच्या दारात नेली, आजारी माणसाचाही विचार केला नाही. लोक मला विचारायचे, “खरं काय रे?” मी मान खाली घालायचो. त्याचा अर्थ लोक आपल्या मनाने लावायचे आणि मी लावू द्यायचो. दादाने कधी तक्रार केली नाही, की मिरवणुकीबद्दल कुणाला खुलासा केला नाही. आमच्याकडे येणं मात्र त्याने बंद केलं. शेवग्याच्या शेंगा आधी दोन घरांत वाटल्या जायच्या. त्या वर्षी त्या झाडावरच वाळल्या.

आमच्या भागात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा भरायचा, मडकं शेतात उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा नि गोवऱ्या पेटवायच्या. आमच्या दोन घरांची पोपटी कायम एक असायची. दोन हिवाळे ती लागली नाही. आम्ही वेगळी लावली नाही, त्यांनीही नाही.

बाबा गेले. दिवसकार्याला दादा आला, जेवला नाही, खांदा मात्र त्यानेच पहिला दिला होता. नंतर मी बंदूक ठाण्यात जमा करून पावती आणली. आता दोनच वाटा होत्या, वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करायचा किंवा बंदूक कायमची सोडायची. ग्रामपंचायतीची निवडणूक सहा-सात महिन्यांवर आली होती आणि गाव पुन्हा तापायला लागलं होतं.

बसमधले म्हणाले, सोडू नको. नवा परवाना जन्मात मिळत नाय. वेळ आली तर पोलीस येईपर्यंत कोण थांबणार हाय? त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे गाडी यायला पाऊण तास लागतो.

बायकोला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. “आणा,” म्हणाली. “मी माहेरी जाईन असं नाय सांगत. हितंच राहीन. फक्त तुम्हाला रोज बघत बसीन, काय करता ते.”

“म्हणजे नको म्हणतेस.”

“मी आणा म्हणाले. ऐकू नाय आलं काय?”

मी पेणला बहिणीकडे गेलो. लग्न होऊन तीस वर्षं झाली, तिची बोली आता पुरती खाडीकडची झाली आहे. तिच्या घरचे मिठागरावर राबणारे. त्यांच्याही गावात दोन पार्ट्या, आमच्यापेक्षा कडवट. आम्ही खाडीच्या बांधावर उभे होतो. मोठ्या उधाणाला बांधाला भगदाड पडलं होतं, ते नव्या मातीने बुजवलेलं दिसत होतं.

“हे कोणी बुजवलं?” मी विचारलं.

“कोणी म्हणजे? सगल्यांनी. त्या पार्टीचा सरपंच माझ्या नवऱ्याच्या हातात घमेलं देत व्हता. चिखलात दोघांची तोंडं सारखीच दिसत व्हती.” ती हसली. मग म्हणाली, “तू कशाला आलास ते मला म्हाईत हाय, बाला. बंदूक घे नायतर नको घेऊस. पन दादाला विचारलंस काय?”

“त्याचा काय संबंध?”

“डबा त्याच्याकडं हाय ना?”

माझ्या पिशवीत ती त्या दिवशीही सुके सोडे भरत होती. मला पुडी आठवली आणि मी पिशवी तिच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतली.

तरीही मी अर्ज केला. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्यामागे होतं. बंदूक सोडली तर लोक विचारतील का सोडली, आणि मग तो दिवस पुन्हा निघेल. परवाना नावावर झाला की तो दिवस कायमचा झाकला जाईल, असं मला वाटत होतं.

अर्जावर चौकशी आली. एका सकाळी हवालदार पोलीस पाटलांना घेऊन आमच्या पडवीत येऊन बसले. माझी माहिती लिहून घेतली, बंदूक कुठे ठेवणार ते बघितलं, आणि म्हणाले, “शेजाऱ्याचा जबाब लागेल. लागून घर कुणाचं?”

पाटलांनी शेवग्याच्या पलीकडे हाक मारली. दादा आला. अडीच वर्षांनी तो आमच्या पडवीत बसला. बायकोने चहा आणला, त्याने कप घेतला पण ओठाला लावला नाही.

“यांना बंदूक द्यायला तुमची काय हरकत?” हवालदारांनी विचारलं.

“काय नाय. द्या.”

“कधी भांडण? धमकी?”

दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. “लोक काय काय सांगतील तुम्हाला, साहेब. एकदा त्यानं बंदूक हातात घेतली व्हती, खरं हाय. पण ती रिकामी व्हती. दारू माझ्या घरात असते, पहिल्यापासून. डबा हाय तसाच हाय, बघायचा तर आणतो. रिकामी बंदूक घेऊन म्हातारा बाप राखायला उभा ऱ्हायला बिचारा. त्यात काय एवढं?”

पाटील हसले. “म्हणजे नुसतं लाकूड.”

“लाकूडच. ह्याला ठासता तरी येतंय काय? लहानपणी बार निघाला की हा धोतरात तोंड लपवायचा, माझ्या बापाच्या.”

हवालदारही हसले आणि लिहायला लागले. मला तेव्हा कळलं की अडीच वर्षं हा माणूस काय धरून बसला होता. आपल्यावर रिकामी बंदूक रोखली, एवढाच त्याचा राग. आणि तो रागही बाजूला ठेवून तो आज मला सोडवत होता. सही झाली की संपलं होतं. परवाना माझा, भाऊ जवळजवळ परत आलेला, आणि खरं फक्त मला आणि कपडे धुवायच्या दगडाला माहीत.

“भरलेली होती,” मी म्हणालो.

पेन थांबलं.

“दादा, ती भरलेली होती. मी पेणहून दारू आणली होती. सळईने ठासली. केप लावली होती. तुझी पाठ ओळखून रोखली होती.”

आत बायकोच्या हातातली ताटली चुलीवर आपटल्याचा आवाज आला. पाटील शेवग्याकडे बघत राहिले. हवालदारांनी पेनाला टोपण लावलं आणि हळू आवाजात विचारलं, “हे मी ऐकलं नाय असं समजू, का लिहू?”

“लिहा,” मी म्हणालो. “आणि बंदूक मला नको, तेही लिहा.”

दादा उठला. चहाचा भरलेला कप त्याने पायरीवर ठेवला आणि आपल्या घरात गेला. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने तो परत आला, हातात दारूचा पत्र्याचा डबा आणि गज घेऊन. ते हवालदारांच्या पुढ्यात ठेवले. “ही पण न्या. बंदूकच नाय तर हिचं काय करू? पापड भाजू?” माझ्याकडे वळून म्हणाला, “मी लोकांना पैज लावून सांगत व्हतो रे, रिकामी व्हती म्हणून.” आणि गेला.

पुढचे दोन महिने ठाण्याच्या चकरा झाल्या. साहेबांनी मला तासभर उभं ठेवून जे ऐकवायचं ते ऐकवलं आणि लेखी समज देऊन सोडलं. बंदूक सरकारजमा झाली. बायको एक दिवस बोलली नाही, दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “सोड्यांच्या पिशवीत?” मी हो म्हणालो. “त्या सोड्यांची भाजी मी पोरांना वाढली,” ती म्हणाली, आणि नंतर आठवडाभर तेच अधूनमधून म्हणत राहिली. मी गावातही ज्याने ज्याने विचारलं होतं त्याला स्वतः जाऊन सांगितलं की दादा त्या दिवशी आमचं घर राखत होता. काही जणांनी ऐकून घेतलं, काही जण म्हणाले, आता सांगून काय उपयोग? तरी सांगत सुटलो. शिफ्टवरून परतताना रस्त्यात माणसं थांबवून सांगितलं. लाज वाटायची आणि प्रत्येक वेळी छाती थोडी मोकळी व्हायची.

निवडणूक झाली. या वेळी आमची बाजू जिंकली. निकालाच्या दुपारी मिरवणूक निघाली तेव्हा मी पडवीत होतो. टेम्पो आमच्या घरासमोरून पुढे गेला आणि शेवग्यापाशी थांबला. गाणं बंद झालं. हे बंद होणं मला ठाऊक होतं. घोषणा सुरू झाल्या, दादाच्या नावाने. एकाने रस्त्याकडेचा दगड उचललेला मी बघितला.

मी धावलो. चप्पलही घातली नव्हती. दादाच्या अंगणाच्या कडेला गर्दीकडे तोंड करून उभा राहिलो आणि हात पसरले. हात रिकामे होते. आपल्याच बाजूची माणसं समोर असली की काय बोलायचं तेही सुचत नाही.

“हितं नाय,” मी म्हणालो. “चला पुढं.”

“तू कुणाचा रे?” गर्दीतून एकाने विचारलं. “आपला का त्याचा?”

“मत तुम्हाला दिलंय,” मी म्हणालो. “दगड मारायला नाय दिलं.”

दोघे-तिघे हसले. दगडवाला हसला नाही. तेवढ्यात माझ्या मागे दार उघडल्याचा आवाज झाला. मी वळलो नाही. दादा येऊन माझ्या बाजूला उभा राहिला, हातात पाण्याची कळशी घेऊन.

“कोणाला पाणी पायजे काय? उन्हात वरडून घसा सुकला असंल,” तो गर्दीला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “हात खाली घे आता. कावळे हाकल्यासारखा दिसतोस.”

पहिला पाणी प्यायला पुढे आला तो डीजेवाला. मग दोन जण. ज्याने दगड उचलला होता त्याने तो गटारात टाकला आणि हात शर्टाला पुसत तोही आला. कळशी रिकामी झाली तशी वहिनीने दुसरी आणली. टेम्पो पुढे गेला तेव्हा आम्ही दोघे गुलालाने सारखेच लाल झालो होतो आणि मी रडत होतो. दादा म्हणाला, “बस, चहा पी. तुझ्याकडचा एक कप मी तसाच ठेवून आलो व्हतो.”

बंदूक गेल्यावर डुकरांचं काय, हे मला अजून लोक विचारतात. त्या वर्षी बायकोने आणि वहिनीने जुन्या साड्या काढल्या आणि दोन्ही शेतांना मिळून एकच कुंपण बांधलं. मधल्या बांधावर साडी लावली नाही. वारा आला की सगळं शेत फडफडायचं आणि डुकरं बुजायची. एका कोपऱ्यातून शिरलीच, चार वाफे खाल्ले. बाकी वाल वाचला.

माघात पोपटी लावली. बहीण पेणहून आली, सोडे घेऊन. पुडीचं तिलाही मी सांगून टाकलं होतं. तिने पिशवी सगळ्यांसमोर पालथी करून झटकून दाखवली, “बघा, आत काय नाय,” आणि सगळे हसले, माझ्यासकट. दादाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. ते चर्रकन उडाले.

“झाली,” तो म्हणाला. “काढ.”

मी पाल्यातून शेंगा उपसल्या आणि पहिली मूठ त्याच्या हातात दिली. इतक्या गरम होत्या की त्याने त्या या हातातून त्या हातात उडवत खाल्ल्या.